पहिल्या पंगतीतलं रिकामं पान

माझ्या डाव्या खांद्यावर लोणच्याच्या बरणीचं लाल झाकण चिकटवलेलं होतं. ते दाबलं की मी मान खाली घालायची आणि म्हणायचं, "जी, हाजिर आहे."

नाटक संपून अर्धा तास झाला होता. तरी लोक ते दाबतच होते.

"ए रोबोट, इकडे पाणी."

"जी, हाजिर आहे."

"रोबोट, मीठ."

"जी, हाजिर आहे."

अंगात पंख्याचा खोका, त्यावर पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद. आतून घाम ओघळत होता. हातात पाण्याचा जग. मी सातवीत होते. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, कारण त्या दिवशी मी पहिल्या पंगतीत जेवणार होते.

आमच्या झाँसीच्या मराठी मंडळात एक पद्धत आहे. गणपतीतलं मुलांचं नाटक झालं की पहिली पंगत कलाकारांची. एरवी वडीलधारे आधी जेवतात, त्या दिवशी मुलं. मोठी माणसं वाकून वाढतात. काकू प्रत्येक कलाकाराला कुंकू लावतात. काकू म्हणजे मंडळाच्या महिला शाखेच्या प्रमुख. त्यांचं घर सिविल लाइन्समध्ये, पेशवाईपासून इथे असलेलं. आम्ही पलटणवाले. वडील फौजेत ड्रायव्हर, क्वार्टर छावणीत. आई गणपतीचे सगळे दिवस मंडळाच्या स्वयंपाकघरात पुऱ्या लाटायची. त्याला सेवा म्हणायचे. सिविल लाइन्समधल्या बायकाही सेवा करायच्या. त्यांची सेवा आरतीचं ताट सजवायची होती.

दर वर्षी मी आईजवळ, कढईच्या बाजूला, सगळ्यांच्या नंतर जेवायचे. त्या वर्षी आईला म्हटलं होतं, "तू दारातून बघ हं. मी पहिल्या ओळीत असेन." आईने पदराला हात पुसत विचारलं होतं, "खरंच बसवतील?"

झाँसीत नाटक म्हटलं की राणीचं. घोडा, तलवार, पाठीशी बांधलेलं बाळ. राणी व्हायची पाळी सिविल लाइन्समधल्या मुलींची असायची, मी दोनदा गर्दीत दासी झाले होते, पण गर्दीतल्यांना पहिल्या पंगतीत पान नसायचं. त्या वर्षी काकूंचा कॉलेजात जाणारा पुतण्या, दादा, म्हणाला, "छोडो यार, आता स्पेसवालं करूया." त्याने काकूंच्या घरी सगळ्या मुलांना एक सिनेमा दाखवला. मुलं सोफ्यावर बसली. मी दाराजवळ फरशीवर. मला तिथे बस असं कुणी म्हणालं नव्हतं. माझे पाय आपोआप तिकडे गेले. ते आठवलं की आजही मला माझ्या पायांचा राग येतो.

सिनेमात सगळं होतं. उडती जहाजं, तीन चंद्र, प्रकाशाची शस्त्रं. माणसं हजारो वर्षं पुढे गेलेली. तरी जहाजात चहा आणायला बाईच्या आवाजाचा रोबोट होता. लढाईच्या रोबोटचा आवाज पुरुषाचा. राजकन्या एकच. तिचं काम पकडलं जायचं आणि सुटायचं. शेवटी चहावाली रोबोट कप्तानाला काहीतरी प्रश्न विचारते. तो हसतो, तिच्या मानेमागची कळ फिरवतो आणि तिची सगळी आठवण पुसून टाकतो. ती पुन्हा गोड आवाजात विचारते, "मी काय सेवा करू?" सोफ्यावरची मुलं पोट धरून हसली.

मी विचारलं, "तिला विचारलं का कुणी?"

दादा म्हणाला, "अरे पगली, मशीन आहे ती."

सगळे माझ्यावर हसले. मग मीही हसले.

नाटकातही दोन रोबोट ठेवले. लढाईचा रोबोट दादाचा धाकटा भाऊ. घरकामाचा रोबोट मी. "हिचं पाठांतर पक्कं आहे," दादा म्हणाला. काकू म्हणाल्या, "आणि चेहरा झाकलेलाच असतो, तर बरंच आहे." काकूंची नात राजकन्या. तिला सगळ्या नाटकात एकच वाक्य होतं, "वाचवा!" त्या वयात मला तिचा हेवा वाटला. आता वाटत नाही.

माझं काम चांगलं झालं. टाळ्या पडल्या. मी घाईघाईने पंगतीच्या हॉलमध्ये आले. पहिल्या ओळीत कलाकारांची पानं मांडलेली. शेवटचं पान मोकळं होतं. माझं. मी खोका काढायला हात वर केले, तेवढ्यात काकूंनी माझ्या हातात जग दिला.

"अगं, राहू दे अंगात. मजा येईल. आज रोबोटच वाढेल सगळ्यांना!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नाटकाला वाजवल्या त्याहून जास्त.

लढाईचा रोबोट पहिल्या ओळीत बसला होता. तसाच खोका, तसाच चंदेरी कागद. काकू त्याला म्हणाल्या, "काढ रे बाळा, गरम होत असेल." मग स्वतःच्या हाताने त्याच्या पानात बुंदी वाढली. त्याच्या खांद्यावरही लाल झाकण होतं. ते कुणीही दाबलं नाही. राजकन्येच्या पानात दोनच पुऱ्या पडल्या. "जास्त नको गं, ड्रेस उसवेल," काकू तिला हळूच म्हणाल्या.

मी ओळीतून फिरत राहिले. पाणी. मीठ. पाणी. कुणी दाबायचं, कुणी टपली मारायचं. वाढायला उभे असलेले एक काका म्हणाले, "असली एक घरी मिळाली पाहिजे, तोंड न चालवणारी." त्यांच्या बायकोसकट सगळे हसले. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी सांगितलं होतं तशी. बघत होती.

मग कलाकारांच्या ओळीत बसलेल्या दादाने झाकण दाबलं. "रोबोट, मठ्ठा."

मी काही बोलले नाही.

त्याने पुन्हा दाबलं. "अरे, अटक गया. मेमरी उडवा रे हिची!"

हसू पंगतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलं. आणि मला ती रोबोट आठवली. तिला काहीच आठवत नव्हतं म्हणून ती पुन्हा गोड बोलली. मला सगळं आठवत होतं. फरशी. दासी. कढईच्या बाजूचं जेवण. एकही गोष्ट पुसलेली नव्हती.

मी जग खाली ठेवला. खोका डोक्यावरून ओढून काढला. कागद टर्रकन फाटला. मी म्हटलं, "मी जेवायला बसतेय."

आणि त्या मोकळ्या पानावर जाऊन बसले.

काकू म्हणाल्या, "इतकं केलं हिच्यासाठी. नातीची सगळी पुस्तकं हिला दिली. ही जाण?"

आई दारातून म्हणाली, "ऊठ. ऊठ गं, माझी शपथ आहे."

मी उठले नाही. मला वाढायला कुणी आलं नाही. पुऱ्यांची परात माझ्या शेजाऱ्यापर्यंत यायची आणि तिथून वळायची. भाजी यायची आणि वळायची. आईच्या हाताच्या पुऱ्या होत्या त्या. मी पंगत उठेपर्यंत रिकाम्या पानासमोर मांडी घालून बसले. घरी आईने मला मारलं. मारताना तीच रडत होती. पुढच्या वर्षी तिला बोलावणं आलं, ती गेली. मी मात्र पुढे कित्येक वर्षं त्या हॉलमध्ये पाऊल टाकलं नाही.

काकूंचे उपकार मी नाकारत नाही. त्या पुस्तकांवर मी शिकले. आमच्या घरात पदवी घेतलेली पहिली मी. आज झाँसीजवळच्या मोठ या गावी एका शाळेत विज्ञान शिकवते, रोज बसने जाते. हे सगळं मला मान्य आहे, जाहीरपणे मान्य आहे. पण पुस्तक दिलं म्हणजे खांद्यावर कळ बसवायचा हक्क मिळत नाही. हे कळायला मला पदवी लागली नाही. एक रिकामं पान पुरलं.

गेल्या आठवड्यात काकूंचा फोन आला. आवाज थकलेला, गोड. "बेटा, दादाचं ते जुनं नाटक पुन्हा बसवतोय. बबीन्याच्या छावणीतून एक पलटणवाल्याची मुलगी आलीये. तुझ्यासारखीच हुशार. तिला जरा शिकव ना. तुझं किती छान झालं होतं."

मला वाटलं, टोमणा असेल. नव्हता. त्यांना खरंच फक्त टाळ्या आठवत होत्या. त्या पंगतीतलं बाकी सगळं पुसलं गेलं होतं. त्यांचं पुसलं गेलं होतं, माझं नाही.

मी तालमीला गेले. इतक्या वर्षांनी त्याच हॉलमध्ये. मुलगी खोक्यात उभी होती. नवा कागद, नवं झाकण. मला बघून तिने मान खाली घातली आणि न अडखळता म्हणाली, "जी, हाजिर आहे."

मी तिला विचारलं, "तुला कोण व्हायचंय?"

ती काकूंकडे बघायला लागली.

"त्यांच्याकडे नको. मला सांग."

तिने मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाली, "जहाज चालवणारी."

मी तिच्या खांद्यावरचं झाकण उपटलं. काकूंना म्हटलं, "ही जहाज चालवेल. चहा ज्याला प्यायचा तो उठून घेईल. हे जमत नसेल तर नाटक करू नका."

"अजून तशीच उद्धट आहेस," काकू म्हणाल्या.

"हो," मी म्हटलं.

पंगत रविवारी आहे. जहाज तिला मिळेल की नाही, मला माहीत नाही. दादा म्हणतो, मीटिंग घेऊ. घ्या. नाटकात काहीही ठरो, पहिल्या ओळीत तिचं पान असेल आणि शेजारी माझं. आईला मी सांगितलंय. परात आमच्यापर्यंत येऊन वळली, तर मी हाक मारून थांबवीन. वाढणाऱ्याला नावाने हाक मारीन, सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशी. तरी पान रिकामं राहिलं, तर पंगत उठल्यावरही आम्ही दोघी तिथेच बसू. दुसरी पंगत आमच्यासमोर जेवून जाऊ दे. तिच्या नंतरचीही.

मी उठणार नाही. तिलाही कुणाला उठवू देणार नाही.