सावळाराम मिस्त्रींनी दुरुस्त केलेला आवाज

जळोचीच्या रस्त्याला, जिथे पूर्वी ऊस होता आणि आता ‘प्लॉट विक्रीस आहेत’ अशा पाट्यांचं पीक येतं, तिथे सावळाराम मिस्त्रींचं गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, पुढे कडुनिंब आणि त्याखाली गिऱ्हाइकांसाठी दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या. त्यातल्या एकीचा पाय मोडका आहे. फार बोलणारं गिऱ्हाईक आलं की मिस्त्री त्याला तीच पुढे करतात; मग माणसाचं सगळं लक्ष तोल सांभाळण्यात जातं आणि मिस्त्रींना काम करता येतं.

मिस्त्री मूळचे पिंपळीचे. दहावीला दोनदा बसले. तिसऱ्यांदा बसले ते बारामतीतल्या एका गॅरेजात, आणि तिथून मग उठले नाहीत. आता वय छप्पन्न. धंद्याला अत्यंत घातक अशी एक सवय त्यांना आहे: पुरती बरी झाल्याखेरीज ते गाडी हातात देत नाहीत. ‘मला घाई हाय’ म्हणणाऱ्याला एसटी स्टँडचा रस्ता दाखवतात. दुरुस्ती झाली की स्वतः चक्कर मारून येतात. समाधान झालं तर किल्ली देतात, नाही झालं तर काही न बोलता टाकी पुन्हा उतरवतात. त्यांची बायको रतन म्हणते, “आमच्या ह्यांना माणसाचं खोकणं ऐकू येत न्हाय, गाडीचं येतं.”

बाजारातून आणून बसवलेल्या सायलेन्सरांविषयी त्यांचं मत वाईट आहे आणि ते मत ते सढळपणे वाटतात. “कंपनीत धा इंजिनिअर दोन वर्सं बसून एक नळकांडं ठरवत्यात. आन आपला गडी धा मिन्टात ते काढून भंगारात घालतो. वर म्हनतो, मिस्त्री, पावर वाढली! पावर न्हाय वाढली बाबा, आवाज वाढला. इलेक्शनला बी आसंच व्हतं.”

गेल्या जानेवारीत, उसाचा हंगाम भरात असताना, कळंबचे संभाजीराव आपली बुलेट शेवटचा अर्धा किलोमीटर ढकलत गॅरेजवर आले. साठीला टेकलेला, बांध्यानं धिप्पाड, बोलण्यानं बारीक माणूस.

“काय व्हतंय?” मिस्त्रींनी विचारलं.

“वढत न्हाय. दुसऱ्या गिअरवं बरी चालती, पुढचा टाकला की आचकं देती. परवा उसाच्या ट्रॅक्टरला वलांडताना मधीच बंद पडली. डबल ट्रॉली व्हती. मी पार दुसऱ्या ट्रॉलीच्या चाकाला चिकटलो.”

“सायलेन्सर कवा बसवला?”

“पोरानं बसवला, दोन वर्सं झाली. पर त्याचं काय न्हाय. आताशा पेट्रोलात इथेनॉल घालत्यात, त्यानं व्हत आसंल.”

“इथेनॉल कशाचं करत्यात?”

“उसाचं.”

“तुमचा ऊस कारखान्याला जातोय न्हवं?”

“व्हय.”

“मग आपल्याच उसाला नावं कशाला ठेवताय?” मिस्त्री खाली बसले. इंजिनातून निघणारा सायलेन्सरचा पाइप मुळाशी तापून निळा-जांभळा पडला होता. “कंपनीचा सायलेन्सर घरी आसंल तर घिऊन या. दुपारपातूर गाडी देतो.”

“त्यो काढायचा न्हाय.”

“पोलीस धरत्यात, संभाजीराव. काढून घेत्यात आन रोलरखाली घालत्यात. सांगा पोराला.”

“पोरगं न्हाय आता,” संभाजीराव म्हणाले.

मिस्त्रींनी त्यांना चांगली खुर्ची दिली.

ऋषिराज चोवीस वर्षांचा होता. त्यानं बुलेटला तो सायलेन्सर लावला, तेव्हापासून हा पोरगा ह्या गाडीवरच मरणार याविषयी कळंबमध्ये दुमत नव्हतं. पारावर, डेअरीत, सोसायटीत सगळीकडे हे ठरलेलं होतं. गावाचं भाकीत साफ चुकलं. ऋषिराज डेंग्यूनं गेला, सहा दिवसांत, हॉस्पिटलच्या पलंगावर. गाडी खाली पार्किंगमध्ये स्टँडवर उभी होती. तिला एक ओरखडा नव्हता.

तेरावं झाल्यावर संभाजीरावांनी ती पहिल्यांदा चालू केली. उभ्या गाडीची बॅटरी उतरते, एवढाच त्यामागचा विचार. संध्याकाळची वेळ होती. कालव्यावरून घराकडे मोठा उतार आहे; तो उतरून ते अंगणात आले तेव्हा त्यांची बायको कौसल्या दारात उभी होती आणि आत गॅसवर रिकामा तवा तापत होता. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग ती आत गेली आणि तिनं भाकरी थापली.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला ते पुन्हा गेले. डेअरी त्यांच्या घरापासून चालत चार मिनिटांवर आहे. संभाजीराव तेव्हापासून दूध घालायला बुलेटवर जातात आणि कालव्यावरून वळसा घालून अर्ध्या तासानं परत येतात. भाकरी गरम मिळते. या व्यवस्थेविषयी त्या घरात आजवर एक शब्द निघालेला नाही.

यातलं मिस्त्रींना त्यांनी फारच थोडं सांगितलं. “घरी आवाज वळखत्यात. त्यो हाय तसा ऱ्हायला पायजे. बाकी काय बी करा.”

“करतो,” मिस्त्री म्हणाले.

त्यांनी तीन दिवस घेतले. प्लग काढला तर पांढराफटक. मोकळ्या सायलेन्सरमधून धूर भराभर बाहेर पडतो, त्यामुळे इंजिन हवा जास्त ओढतं. पेट्रोल मात्र जुन्याच मापानं येत राहतं. असं उपाशी इंजिन तापतं आणि ओझं पडलं की आचके देतं. मिस्त्रींनी कार्बोरेटर उघडून जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची नळी, बदलला, एक माप मोठा घातला. तरी समाधान होईना. मग त्यांनी देवापुढची अगरबत्ती उचलली, पेटवली आणि चालू इंजिनाभोवती सावकाश फिरवली. पाइप जिथे इंजिनाला मिळतो तिथे धुराची रेघ थरथरली. सांध्यात फट होती. एका बोल्टाचे आटे गेले होते, सांध्यातली चकती, गॅस्केट, जळाली होती आणि पाइपाची कड वाकडी झाली होती. ॲक्सिलरेटरची मूठ सोडली की त्या फटीतून हवा आत शिरायची, न जळलेलं पेट्रोल पाइपात पेट घ्यायचं आणि फटाके वाजायचे. मिस्त्रींनी कानस घेतली आणि ती कड आरशासारखी सपाट केली. नवा बोल्ट, नवं गॅस्केट.

चक्कर मारून आले तेव्हा ते खुश होते. छातीत घुमणारी धडधड जशीच्या तशी होती. गाडी चौथ्या गिअरमध्ये लोण्यासारखी ओढत होती. मूठ सोडल्यावर एक फटाका नाही. सायलेन्सर न काढता इतकं काम साधलं, ते केवळ त्या माणसासाठी. संभाजीरावांनीही चालवून बघितली आणि मिस्त्रींचे दोन्ही हात हातात धरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते परत आले. मागे कौसल्याबाई बसल्या होत्या, डोक्यावर पदर, मांडीवर पिशवी.

“मिस्त्री, गाडी झ्याक केली तुमी,” त्या खुर्चीवर बसत म्हणाल्या. “पर काल ह्ये अंगनात आलं तवा मला कळलं.”

“आवाज त्योच हाय की, वैनी. सायलेन्सरला मी हात लावला न्हाय.”

“मोठा आवाज आसंल त्योच. त्यो काय सगळ्याच बुलेटींना आसतो. उतारावं फटाकं वाजायचं. कालव्यावं आला की मूठ सोडून द्यायचा त्यो, ह्ये बी तसंच येत्यात. फट, फट-फट, आन जरा थांबून एक. बारका. त्यो बारका झाला की मी गॅसवं तवा ठेवायची.”

मिस्त्री हातातलं फडकं पिळू लागले. त्यात पिळण्यासारखं काही नव्हतं.

“त्यो दोष व्हता, वैनी,” ते म्हणाले.

“आसंल,” कौसल्याबाई म्हणाल्या. “त्योच पायजे व्हता.”

संभाजीराव मोडक्या खुर्चीवर तोल धरून बसले होते. “मला म्हाईत नव्हतं,” ते म्हणाले. “मी गाडीवं आसतो. मला सगळा एकच दनका ऐकू येतो.”

मिस्त्रींनी गाडी आत घेतली. भंगाराच्या पिंपात हात घालून जुनं गॅस्केट शोधलं, जुना जेट शोधला. गॅरेजपासून थोड्या अंतरावर ओढ्याचा उतार आहे. कौसल्याबाईंनी खुर्ची फिरवून रस्त्याकडे पाठ केली आणि डोळे मिटले. मिस्त्री वर गेले, मूठ सोडून उतार उतरले.

“ह्ये लई झालं,” पाठमोऱ्या कौसल्याबाई म्हणाल्या. “लगनाची वरात वाटती.”

त्यांनी बोल्ट पाव फेरा आवळला.

“आता घाईत वाजतंय.”

पुन्हा सैल केला, पेट्रोलचा स्क्रू अर्धा फेरा फिरवला.

“ह्ये दुसऱ्याच कुनाचं तरी हाय.”

मिस्त्रींच्या हाताखालून या अडतीस वर्षांत किती गाड्या गेल्या याची मोजदाद नाही. त्या सगळ्यांचे दोष त्यांनी काढले. दोष घालून द्या म्हणत मात्र कुणी कधी आलं नव्हतं. कड कशी आणि किती वाकडी होती हे त्यांना अंदाजानं सांगता आलं असतं. पण कानसेनं घासून गेलेलं लोखंड परत भरून येत नाही. त्यांनी ती कड हातोडीनं ठोकून पाहिली, गॅस्केटला चीर देऊन पाहिली. फटाके वाजत होते. त्या दोन वर्षांत उन्हानं, खड्ड्यांनी आणि एका पोराच्या मुठीनं मिळून जे जुळवून आणलं होतं, ते वाजत नव्हतं.

सहाव्या चकरेला त्या एकदम सरळ बसल्या. “फट, फट-फट... ह्ये जवळ आलं, मिस्त्री. शेवटचा बारका तेवढा न्हाय.”

सातव्या चकरेला तो बारका ऐकायचा म्हणून तिघंही श्वास धरून होते. गाडी उतारावर निम्म्यात आली, एक आचका बसला आणि इंजिन बंद पडलं. मागून उसाचा ट्रॅक्टर येत होता. ड्रायव्हरनं ब्रेक दाबत जे सुनावलं त्यात मिस्त्रींच्या आईचा, वयाचा आणि डोळ्यांचा उल्लेख होता. मिस्त्रींनी गाडी कडेला ढकलली.

कौसल्याबाई उठून रस्त्यावर आल्या होत्या.

“तुमाला लागलं न्हाय न्हवं?”

“न्हाय. जुन्या जेटवं आचकं देनारच ती,” मिस्त्री धापा टाकत म्हणाले. “संभाजीराव ट्रॉलीला चिकटलं व्हतं तवा बी ह्येच झालं व्हतं.”

कौसल्याबाई नवऱ्याकडे वळल्या. “कवा?”

संभाजीराव ट्रॅक्टर गेला तिकडे बघू लागले.

“मी इचारतीय, कवा?”

“झालं पाच-सा दिस. काय झालं न्हाय. आगं, मिस्त्री आजून एकदा बघत्यात, थोडक्यात ऱ्हायलंय...”

“ऱ्हाऊ द्या.” त्यांनी पदर डोक्यावरून पुढे ओढला. “मिस्त्री, काल केलती तशीच करून द्या. चांगली.”

“वैनी, मी गाडी ठिवून घेतो. चार दिस द्या मला, जमवतो.”

“जमवू नका. उद्यापास्नं मी घड्याळ बघून तवा ठिवीन.”

एवढं बोलून त्या खुर्चीवर जाऊन बसल्या. पिशवीतून डबा काढला, नवऱ्याला भाकरी दिली आणि एक मिस्त्रींसाठी झाकणात काढून ठेवली.

मिस्त्रींनी पुन्हा मोठा जेट घातला. कड दुसऱ्यांदा सपाट केली. नवं गॅस्केट बसवलं, बोल्ट आवळले, अगरबत्ती फिरवली. धुराची रेघ सरळ वर गेली. तासाभराचं काम होतं आणि त्यांच्या हाताला ते पाठ होतं. झाकणातली भाकरी त्यांनी उभ्यानंच खाल्ली. मग चक्कर मारून आले, आणि किल्ली संभाजीरावांच्या हातात ठेवली.

दोघं निघाले. संभाजीरावांनी गाडी रस्त्याला लावली. पुढे वळण आहे, तिथे प्रत्येकाला मूठ सोडावी लागते. त्यांनी सोडली. मिस्त्री शेडच्या तोंडाशी उभे होते. मागे बसलेल्या कौसल्याबाईंची मान जरा बाजूला, सायलेन्सरच्या अंगाला कलली आणि तशीच राहिली. इंजिन शांत, एकसारखं चालत होतं. मग त्यांनी मान सरळ केली, एक हात नवऱ्याच्या खांद्यावर ठेवला, आणि गाडी वळणाआड गेली.