माशीचे पंख आणि आमचे साडभाऊ

रायपुरात वेडे काही कमी नाहीत, पण माशीच्या पंखावरचे केस कुठल्या बाजूला झुकतात एवढं पाहण्यात अख्खी हयात घालवणारा इसम एकच, आणि तो नेमका साडभाऊ म्हणून माझ्याच गळ्यात पडला. मेहुणी थोरली म्हणून त्यांचा मान थोरला, नाहीतर मी त्यांना दारातही उभं केलं नसतं. ते तात्यापाऱ्यात राहतात, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात आणि फळगाड्यांवरची सडकी केळी शोधून शोधून घरी नेतात. खायला नाही हो, माशा पोसायला! काचेच्या बाटल्यांत त्यांनी त्या चिलटांच्या पिढ्यानपिढ्या सांभाळल्या आहेत. त्यातली निम्मी मंडळी त्यांच्या शर्टावर बसून बूढापाऱ्याला आमच्याकडे येते आणि माझ्या पोह्यांवर उतरते.

आता या केसांत एवढं आहे काय, असं विचारायची चूक मी एकदाच केली. दीड तास गेला. म्हणे पंखाच्या प्रत्येक पेशीवर एक केस, आणि असे हजारो केस सगळे एकाच दिशेला, पंखाच्या टोकाकडे. "हुकूम देणारा कोणी नाई पाहा," साडभाऊ डोळे मोठे करून सांगत होते. "हरेक पेशी शेजारणीले विचारते, बाई, तुझं तोंड कुठं? अन् तशीच वळते. अंग घडते तेव्हा जागोजागी हेच चालू राहते." मी म्हटलं, आमच्या ऑफिसातही शेजाऱ्याचं तोंड पाहूनच प्रत्येकजण आपलं तोंड वळवतो, त्याला मायक्रोस्कोप कशाला पाहिजे? हा माणूस रागावला तरी असता! त्यानं ते वहीत लिहून घेतलं.

साडभाऊ कोणाकडे गेले की आधी दारातल्या चपला एका दिशेला लावतात, मग आत येतात. लग्नाच्या पंगतीत जेवणाऱ्यांच्या मागे उभे राहून त्यांच्या टाळक्यांवरचे भोवरे न्याहाळतात, कारण पेशींचं ते दिशेचं ठरवणं तिथं गोल फिरतं म्हणे. एका ठेकेदारानं वळून "क्या देख रहे हो भैया, जूं?" असं विचारलं, तेव्हा मी पान सोडून दुसऱ्या पंगतीत जाऊन बसलो. आणि जगाची टाळकी तपासणारे हे गृहस्थ स्वतः मात्र भर मे महिन्यातही डोक्यावरची कापडी टोपी काढत नाहीत. घामानं निथळतील, पण टोपी जागेवर!

मेहुणी जाऊन नऊ वर्षं झाली. ती गेल्यावर वर्षभरानं मी, जबाबदार माणूस म्हणून, दोन चांगली स्थळं घेऊन त्यांच्याकडे गेलो. एक तर राजनांदगावची शिक्षिका. यांनी काय करावं? चहा दिला आणि मला मायक्रोस्कोपाला डोळा लावायला लावला. "मधल्या या ठिगळातल्या पेशी बिघडल्या," म्हणाले. "आता या बाजूच्या पाहा. धडधाकट हायेत, पण त्याईचे केस त्या ठिगळाकडंच वळून राहिले."

"भाऊजी, मी स्थळाचं विचारून राहिलो!"

"मी तेच सांगून राहिलो," ते म्हणाले.

असल्या माणसाशी काय बोलायचं? मी हात टेकले.

म्हणूनच माझ्या मुलीच्या, केतकीच्या, पाहण्याच्या कार्यक्रमाला त्यांना बोलवू नको असं मी बायकोला बजावलं होतं. "ताईच्या जागी आता तेच आहेत," म्हणत तिनं बोलावलंच. मुलगा बिलासपूरचा, रेल्वेत इंजिनियर. खरं तर दोघांचं तीन वर्षांपूर्वीच ठरलेलं. उरला होता फक्त माझ्या आईचा होकार, आणि आमच्या घरात आईनं 'हव' म्हटल्याशिवाय कुकरची शिटीही होत नाही. सगळं छान पार पडलं. जाताना मुलगा वाकून एकेकाच्या पाया पडू लागला. आई झाली, मी झालो, मग साडभाऊंची पाळी आली. ते डोकं नाकाखाली आलं मात्र, हा माणूस हर्षानं ओरडला, "दोन! अरे वा, दोन भोवरे!"

खलास! पाहुणे जीपमध्ये बसले आणि आईनं निकाल दिला. "दोन भोवरे म्हणजे दोन लग्नं. उद्या त्यानं दुसरी आणली तं माह्या पोट्टीनं कुठं जावं? मले नाई पायजे हे स्थळ."

साडभाऊ तिला पेशी समजावू लागले.

"मास्तर, पेशी तुमच्या बाटलीत ठेवा!" आई कडाडली. केतकी दाराची चौकट धरून रडत होती. "मौसाजी, ये आपने क्या कर दिया?" एवढंच ती म्हणाली. मी मात्र एवढ्यावर थांबलो नाही. माशांत राहून माशी झालात म्हणालो, उगाच नाही घरात एकटे पडलात असंही म्हणालो. आज ते आठवलं की मला माझीच लाज वाटते.

साडभाऊ आईसमोर जमिनीवर बसले आणि त्यांनी टोपी काढली. "हात लावून पाहा, आई."

आईनं त्यांच्या बारीक, पांढऱ्या केसांतून बोट फिरवलं. "एक," ती म्हणाली. मग बोट थबकलं. "अगं बाई, दोन!"

"केतकीची मौसी अन् मी एका कॉलेजात होतो, तिले हे माहीत होतं," साडभाऊ खाली पाहत म्हणाले. "पाहायले गेलो तेव्हा तिनंच ही टोपी घालायले लावली. तिच्या मायले दिसू नये म्हणून. म्हणे, मी सांगीन तेव्हा काढा. ते सांगायचं राहूनच गेलं."

आईचा हात त्यांच्या डोक्यावरच राहिला. "तिले जाऊन नऊ वर्षं झाले ना रे बाबा?"

"हव."

आईनं टोपी उचलून त्यांच्या हातात दिली. मग माझ्या बायकोला म्हणाली, "बिलासपूरले फोन लाव."

साडभाऊ निघाले. जाता जाता दारात विस्कटलेल्या चपला त्यांनी एका दिशेला लावल्या, टोपी घातली, ती तिरपी बसली. मेहुणी होती तेव्हा अशी टोपी नीट करायचं काम तिचं असे, आम्ही पुष्कळदा पाहिलेलं. मला काय वाटलं कोण जाणे, मी पुढे झालो आणि ती सरळ केली. तेवढा वेळ साडभाऊ मान खाली घालून माझ्यासमोर उभे राहिले.