हेमाताईंच्या भट्टीतले चौदा श्री

बिबवेवाडीतल्या एका इमारतीच्या तळमजल्यावर हेमाताई काच भाजतात. काच भाजतात हे कादंबरी नावाच्या त्यांच्या शेजारणीला आधी खरं वाटलं नव्हतं. ती वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला आली, इस्त्रीवाल्याचा नंबर विचारायला खाली गेली आणि दीड तास परतली नाही. हेमाताईंनी तिच्या डोळ्यांवर काळा चष्मा चढवला आणि भट्टीच्या बोटभर भोकातून आत बघायला सांगितलं. आत सगळं केशरी होतं. खिडकीच्या काचेचे तीन तुकडे एकमेकांवर ठेवलेले होते, आणि त्यांच्या धारदार कडा हळूहळू गोल होत होत्या. आवाज नाही, धूर नाही. मराठीत एम.ए. केलेली कादंबरी इस्त्रीवाल्याचा नंबर साफ विसरली.

हेमाताई मूळच्या वाशीमच्या. लग्न होऊन पुण्यात आल्या, त्यालाही आता पंचवीस वर्षं झाली. अकरा वर्षं त्यांनी दातांच्या लॅबमध्ये चिनी मातीचे दात भाजले. आच किती वेगाने चढवायची, कुठे थांबायचं, कधी हात लावायचा नाही, हे तिथेच अंगवळणी पडलं. मग एका चित्रकार बाईंनी घर बदलताना आपली जुनी भट्टी विकायला काढली, ती यांनी घेतली. बसवायच्या आधी वायरमनला बोलावून भिंतीतून वेगळी लाइन ओढून घेतली. घरातल्या मिक्सरच्या प्लगवर भट्टी चालवणाऱ्याला त्या माणसांत धरत नाहीत. भट्टीभोवती हातभर जागा मोकळी. तिथे कागद नाही, पडदा नाही. कामाला उभं राहायचं ते सुती कपड्यांत, केस बांधून. एकदा कादंबरी जॉर्जेटची ओढणी घेऊन आत आली, तर हेमाताईंनी ती दारातच उतरवायला लावली. "बाप्पा! ते नुसतं पेटत नाही, वितळून अंगाला चिकटते. ठेव बाहेर."

या भट्टीकडे कादंबरी एका सकाळी आपल्या दिगंबर सरांना घेऊन आली. सरांनी तिला कॉलेजात तीन वर्षं शिकवलं होतं. आता निवृत्त. त्यांच्या पत्नी आनंदीबाई त्याच कॉलेजात जीवशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळायच्या. मागच्या वर्षी त्या गेल्या. त्यांच्या टेबलावरची काच रंगकाम करणाऱ्यांच्या हातून पडली आणि पाच तुकडे झाले. सरांनी ते जुन्या धोतरात गुंडाळून आणले होते.

"हे जोडून एक मोठं ताट करून द्या," सर म्हणाले. "फुटकी काच घरात ठेवू नये, असं आमच्या शेजारणी मला रोज येऊन सांगतात. ताट झालं की त्या दुसरा विषय शोधतील."

हेमाताईंनी एकेक तुकडा उजेडात धरला. वहीएवढ्या एका तुकड्यावर त्या थांबल्या. कोपऱ्यात बारीक ओरखडे होते. नीट पाहिलं तर ती अक्षरं होती. श्री, श्री, श्री. एकाखाली एक.

"तिच्या लॅबमध्ये काचपट्ट्यांवर नंबर घालायला हिऱ्याच्या टोकाची पेन्सिल असायची," सर म्हणाले. "नवी पेन्सिल आली की पहिला श्री या काचेवर. बावीस वर्षांत चौदा पेन्सिली. मी ओरडायचो, टेबल खराब होतंय म्हणून."

"सर, तुकडे जोडायचे तर आठशेतीस अंशांपर्यंत न्यावं लागते," हेमाताई म्हणाल्या. "तिथं काच वरून पाण्यासारखी होते. ओरखडे राहात नाहीत. ताट होईल. श्री जातील."

"बाई, अक्षरं कोरलेली आहेत. खडूने लिहिलेली नाहीत."

"म्हणून तर सांगते."

"आणि नाही गेली तर? काच तुम्हाला विचारून वागते, असं दिसतंय."

हेमाताई रागावल्या नाहीत. त्यांनी कडेच्या एका तुकड्याच्या दोन पट्ट्या कापल्या आणि सरांपुढे ठेवल्या. "पेन्सिल आहे का एखादी?"

शेवटची पेन्सिल सरांच्या खिशातच होती. त्यांनी दोन्ही पट्ट्यांवर श्री लिहिला.

तीन दिवसांनी दोन्ही पट्ट्या टेबलावर होत्या. एक आठशेतीसला नेलेली. तिच्या कडा गुळगुळीत, अंग चकचकीत, आणि कोरी. सरांनी ती खिडकीपाशी नेली, तिरकी धरली, नख फिरवलं. काही नव्हतं. दुसरी साडेसहाशेला तासभर ठेवलेली. ती दोन विटांच्या मधे झोळीसारखी वाकली होती, आणि वाकलेल्या पोटावर श्री होता.

कादंबरी दोन्ही पट्ट्यांकडे बघत राहिली. एकच काच, एकच हात, एकच अक्षर. मधे फक्त एकशेऐंशी अंश.

"ताट नको," सर म्हणाले. "श्री असलेला हा एवढाच तुकडा. त्याचं काय होईल ते करा."

"उथळ वाटी होईल. पण ऐका. काच कापताना आम्ही काय करतो? वर रेघ ओढतो आणि तिथून मोडतो. या तुकड्यावर बाईंनी चौदा जागी रेघा ओढून ठेवल्यात. घाई केली तर तिथूनच जाईल. आणि असा दुसरा तुकडा नाही."

"म्हणजे तडकू शकते."

"शकते."

सरांनी होकारार्थी मान हलवली.

साचा कसब्यातल्या कुंभाराकडून पूर्वीच करून आणलेला, भाजक्या मातीचा, तळाला बारीक भोकं. ती नसली तर खाली हवा अडकते आणि काच फुगते. काच चिकटू नये म्हणून हेमाताईंनी साच्यावर पांढऱ्या लेपाचे पाच हात दिले आणि तो सुकवला. त्याआधी जुना लेप खरवडताना नाकाला मास्क. मग काच स्वच्छ पुसून, अक्षरं वरच्या बाजूला ठेवून, साच्यावर टेकवली आणि झाकण लावलं.

सकाळी सात वाजता आकडे चढू लागले. पहिले पाचशे अंश चढायला पाच तास. कादंबरी प्रकाशकाकडची तपासायची मुद्रितं घेऊन तिथेच बसली आणि तिने एकही पान तपासलं नाही. सहाशेच्या पुढे हेमाताई काळा चष्मा लावून दर दहा मिनिटांनी भोकातून बघू लागल्या. "बसतेय," एवढंच म्हणायच्या. एकदा त्यांनी कादंबरीला बघू दिलं. वहीएवढी कडक काच स्वतःच्या वजनाने खाली झुकत होती, कुणी ओढत नव्हतं, कुणी दाबत नव्हतं. केशरी उजेडात अक्षरं दिसत नव्हती.

मग उतरण. साडेपाचशेवर पुन्हा थांबायचं, काचेच्या आतला ताण निघून जाईपर्यंत, आणि त्यानंतर कासवाच्या चालीने खाली.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता सर आले. आकडा होता ब्याण्णव.

"उघडा की. एवढा गरम चहा मी रोज पितो."

"चहा तडकत नाही, सर."

"फक्त डोकावतो."

"एका पाहुण्याला दाखवायला मी एकदा झाकण उचललं होतं. दीडशेवर. मोती पडावा तसा एक आवाज आला, काच तडकली, बस्स. बसा तुम्ही."

सर बसले. आकडा खोलीच्या उष्म्याशी येऊन थांबला तेव्हा दोन वाजून गेले होते. हेमाताईंनी आधी भिंतीवरचं बटण बंद केलं, तरीही कोपरापर्यंतचे हातमोजे चढवले आणि झाकण वर केलं.

वाटी अखंड होती. त्यांनी ती पुसून सरांच्या दोन्ही हातांत दिली.

सरांनी बोट फिरवत मोजायला सुरुवात केली. कादंबरीनेही मनात मोजले. बारा. सरांनी पुन्हा मोजले. बारा. शेवटच्या ओळीत दोन जागी नुसती धूसर खूण होती, बोटाला न लागणारी.

"ते दोन आधीपासूनच उथळ होते," हेमाताई हळू म्हणाल्या. "मी भिंगाखाली बघून ठेवलं होतं. त्यांना त्याहून कमी आच देता येत नव्हती. काच बसलीच नसती."

सर त्या धूसर जागेकडे बघत राहिले.

"घाईत असेल ती त्या दोन्ही दिवशी," ते म्हणाले, आणि वाटी खाली न ठेवता तशीच धरून उभे राहिले.