लाल पट्टीचं पुस्तक

अहेरीकडच्या एका आश्रमशाळेत पुस्तकांचं कपाट माझ्याकडे होतं. एकदा वरून यादी आली. काही पुस्तकं मोठ्यांची, त्यांना लाल पट्टी लावा. काही परक्या धर्माची, त्यांना निळी. ज्या पोरांचे देव जंगलात झाडाखाली बसतात, त्यांना परका धर्म कोणता, हे यादीत नव्हतं. मला चीड आली, पण पट्ट्या मीच चिकटवल्या.

सातवीतल्या एका मुलीने लाल पट्टीचं पुस्तक मागितलं. मी नाही म्हटलं. बाजाराच्या दिवशी ती आजोबांना घेऊन आली. त्यांना वाचता येत नव्हतं. पुस्तक हातात फिरवत ते म्हणाले, "बाई, पंडुमच्या सणाची पूजा झाल्याबिगर आमच्यात नवा आंबा कोणीच खात नाई. लहान नाई, मोठे बी नाई. पूजेले गावचा म्हातारा आधी चाखते, मंग सारे खातेत. हे तुमी चाखून पाह्यलं का?"

मी ते वाचलंच नव्हतं. सांगायची लाज वाटली, म्हणून "नियम आहे," एवढंच म्हणाले.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी ते पुस्तक वाचलं. त्या पोरीपासून लपवावं असं त्यात काही नव्हतं. पट्टी नखाने खरवडून काढली आणि शाळा उघडायची वाट पाहिली.

शाळा उघडली, पण ती आली नाही. आता घरीच राहणार, म्हणे.

तिचं वाचायचं वय झालेलं नाही, असं मी ठरवलं होतं. शाळा सोडायचं मात्र झालं होतं.