गोविंदाच्या जीपचा पोळा

ज्या वर्षी गोविंदानं बैलजोडी विकून जुनी जीप घेतली आणि घुग्घुसच्या खाणीवर पाळीची माणसं नेऊ-आणू लागला, त्या वर्षी पोळा जवळ आला तसा त्याचा जीव खालीवर होऊ लागला. बाप-आज्यापासून त्यांची जोडी गावच्या तोरणाखाली उभी राहायची. यंदा काय उभं करायचं? गावचे जाणते इतवारीभाऊ म्हणाले, "आण तुही जीप. पण आपल्या पायानं आली पायजे. ढकलत आणशील तर जागा नाई."

हौसेला मोल नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी गोविंदानं जीप थेट तळ्यात घातली आणि बैल घासावा तशी घासली. संध्याकाळी, ओझं वाहणारा बैलाचा खांदा शेकतात तसं, बॉनेटला हळद-तूप चोळलं, पळसाच्या पानानं शेकलं आणि बैलाला सांगतात तसं रीतसर सांगितलं, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये." त्याची बायको इंदिराबाई हसून हसून बेजार झाली. मग अंगणाच्या उतारावर हँडब्रेक ओढून गडी निवांत झोपला.

सकाळी हँडब्रेक सोडला, गिअर टाकला, पण जीप हलेना. मागचं एक चाक फिरायला तयार नव्हतं. तळ्याचं पाणी चाकाच्या ड्रममध्ये शिरलं होतं आणि हँडब्रेकनं रात्रभर दाबून धरलेला आतला ब्रेक गंजानं चिकटला होता. गोविंदानं जॅक लावून चाक काढलं, लाकडी मोगरीनं ड्रम चहूबाजूंनी ठोकला. ड्रम ढिम्म. तिकडे घुंगरं वाजू लागली. गोविंदानं मोगरी खाली ठेवली.

"बैल इकून चूकच केली म्या."

"चूक शेकाची झाली," इंदिराबाई म्हणाली. "ओझं वाहते मागचं चाक, अन् तुमी शेकलं नाक."

चुलीवरचं उकळतं पाणी घेऊन ती आली.

"तूप नोको लावू हं. ब्रेक लागनार नाई."

"तूप पोळीवर लावीन. तुमी ठोका."

ती पाणी ओतत राहिली, तो ठोकत राहिला. ड्रम करकरला आणि एकदाचा पोतं गुंडाळलेल्या त्याच्या हातात आला. गंज घासून, सगळं पुसून-बसवून, तो गळ्यात माळ घातलेली जीप चालवत तोरणाकडे निघाला.

रांग भरली होती. इतवारीभाऊंनी जीपभोवती चक्कर मारली आणि आपली जोडी बाजूला घेतली. "इथी लाव. तुह्या बापाची जोडी इथीच राहे."

गोविंदाचे डोळे भरून आले. सवयीनं हात हँडब्रेककडे गेला. बायांच्या घोळक्यातून इंदिराबाई बघतच होती. त्यानं मुकाट्यानं हात काढला, खाली उतरला आणि चाकाला दगड लावला.