आखूड दांडा

युलालियाबाईंना किळस फार लवकर येई. सालिनास या शेतमळ्यांच्या गावातल्या शाळेत शिकवता शिकवता केस पांढरे झाले, तरी मुलांच्या हातून सांडलेलं दूध त्यांनी कधी स्वतः पुसलं नाही. पण त्याहून जास्त किळस त्यांना पाठ्यपुस्तकातल्या एका चित्राची येई: लेट्यूसच्या शेतात हसणारे मेक्सिकन मजूर आणि वर निळंशार आभाळ. 'इथल्या समाजांचा इतिहास' हा विषय त्यांच्याकडे आला, तेव्हा ते पुस्तक त्यांनी कपाटात टाकलं.

"आधी माणूस गाठा, वस्तू हातात घ्या, मग लिहा," त्यांनी मुलांना सांगितलं. "वर्षअखेर त्याचंच प्रदर्शन मांडायचं."

नायेली नावाच्या पोरीने थेट बाईंच्या वडिलांनाच गाठलं. फेर्मीन आपा (वडिलांना त्यांच्याकडे 'आपा' म्हणत) ऐंशीच्या पुढचे, पाठीत वाकलेले. कोंबड्यांच्या खुराड्यामागे त्यांची जुनी खुरपणीची कुदळ पडून होती. दांडा हातभरसुद्धा नाही. तरुणपणी दिवस दिवस कमरेत दुमडून त्यांनी ती चालवली होती.

"दांडा एवढासाच का हो, आजोबा?"

"लांब दांड्यावर माणूस टेकतो, पोरी. आखूड असला की जो उभा दिसेल तो कामचुकार. मुकादमाला डोळे ताणावे लागत नाहीत."

पोटच्या लेकीला त्यांनी हे कधी सांगितलं नव्हतं. आता मात्र कुदळ द्यायला तयार झाले, वर 'प्रदर्शनाला येऊन बोलतो' म्हणाले. बाईंना एवढंच हवं होतं: ते सगळं एकदा चारचौघांत त्यांच्या तोंडून निघावं.

प्रदर्शनाच्या दुपारी बाई त्यांना घरून शाळेत घेऊन आल्या. काचेच्या पेटीपाशी आपा थबकले. आत त्यांची कुदळ होती, पातं घासून चकचकीत केलेलं, आणि तिला छातीएवढा नवाकोरा पिवळा दांडा.

"हे माझं नाही," म्हणाले आणि परत जाऊन गाडीत बसले.

उपमुख्याध्यापिका रेबेका ओल्मोस धावत आल्या. "अहो, दांडा मोडला होता! सुतारकामाच्या सरांनी सकाळी मुद्दाम नवा बसवून दिला. किती छान दिसतंय!"

"मोडला होता?" बाई तिच्याकडे वळल्या. "रेबेका, तुझे वडील मुकादम होते ना गं? तुलाही तो मोडका वाटला?"

रेबेकाचा चेहरा उतरला. "आमच्या घरी त्यातलं कुणी काही बोलत नाही," ती हळूच म्हणाली. "जुना दांडा शाळेच्या स्वयंपाकघरामागच्या पेटाऱ्यात टाकलाय. कचऱ्यात."

"बाई, मी शोधते," नायेली म्हणाली. "तुम्हाला तर नुसतं दूध बघून मळमळतं."

"तू हो बाजूला."

बाई कमरेपर्यंत आत वाकल्या. आंबलेलं दूध, थिजलेलं पिवळं चीज, केळ्याच्या काळ्या साली. दोनदा ओकारी आली, दोनदा त्यांनी गिळली. तळाशी दांडा सापडला. तळहाताच्या मळाने काळा पडलेला, अंगठ्याच्या जागी खळगा. न पुसता त्यांनी तो गाडीच्या खिडकीतून आपांच्या मांडीवर ठेवला.

आपांनी वास घेतला. "कुठे होता?"

"कचऱ्यात."

"मग योग्य जागीच होता की."

"परत फेकू?"

म्हाताऱ्याचा अंगठा आपसूक खळग्यात जाऊन बसला. मग त्यांनी गाडीचं दार उघडलं.

सभागृहात ते भाषण करतील म्हणून सगळे सरसावून बसले. आपा बोललेच नाहीत. नुसता दांडा मुठीत धरून कमरेत दुमडले आणि मंचाच्या या टोकापासून त्या टोकाकडे, न दिसणारी ओळ खुरपत, पाऊल पाऊल सरकू लागले. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. फोटो निघाले. "किती गोड आहेत ना आजोबा!" कुणीतरी म्हणालं. बाईंना शिसारी आली. त्यापुढे तो कचऱ्याचा पेटारा बरा होता.

"टाळ्या कसल्या पिटताय?" आपा वाकलेलेच ओरडले. "मुकादमाने अजून सुट्टी दिलेली नाही!"

टाळ्या विरल्या. आपा सरळ झाले नाहीत. एक खुर्ची करकरली, कुणी खोकलं, आपा तसेच. नायेली उठली, तिला बाईंनी खांदा दाबून खाली बसवलं आणि त्या पहिल्या रांगेतल्या रेबेकाकडे बघत राहिल्या.

"सुट्टी," रेबेका अखेर म्हणाली. "सुट्टी झाली, फेर्मीनकाका."

हा शब्द शेवटी मुकादमाच्या लेकीनेच द्यावा, याचीही बाईंना किळस आली. पण आपा कमरेवर हात ठेवून, जेवढं होता येत होतं तेवढे, सरळ झाले.