ट्रॅकवरचा हॉर्न

जानेवारीतला तिसरा रविवार. मोटरसायकल चालवण्याच्या एका दिवसाच्या वर्गाची फी साडेचार हजार रुपये, त्यात दुपारचं जेवण धरलेलं, पेट्रोल आपलं. हजर : मी, माझी बायको, शिकवायला पुण्याहून आलेली एक तिशीतली बाई आणि आणखी अकरा मोटरसायकलवाले. त्यांच्यात माझ्या वयाचं कुणी नव्हतं. जागा पवन मावळात, डोंगराच्या पायथ्याला माळावर केलेला एक लहानसा ट्रॅक.

एवढं नक्की सांगता येतं. बाकीचा दिवस मला धुक्यातून आठवतो, कारण तो खरोखरच धुक्यात सुरू झाला. लोणावळ्याहून निघालो तेव्हा डोंगरांचे पायथे नव्हतेच. फक्त माथे होते, पांढऱ्यावर ठेवल्यासारखे. भात कापलेल्या खाचरांत पेंढ्याच्या गंजी उभ्या होत्या आणि जवळून जाताना त्यांचा वास ओला, गोड यायचा. आमच्याकडून तिकडे जायचा जवळचा रस्ता खिंडीतून आहे. मी गेलो कामशेतवरून, लांबून. बायको लोकलने कामशेतला आणि पुढे वडाप जीपने गेली. मी पोचलो तेव्हा ती कठड्यावर बसून शेंगा खात होती.

"जीप तीनदा थांबली वाटेत," ती म्हणाली. "तरी मीच आधी."

खिंडीतल्या एका डाव्या वळणावर आम्ही दोघं पडलो होतो, त्याला दीड वर्ष झालं होतं. दिवस लावणीचे. चिखलणी करून ट्रॅक्टर शेतातून रस्त्यावर आला, की त्याच्या लोखंडी चाकांचा चिखल डांबरावर पट्ट्यापट्ट्यांनी पडत जातो. वळण संपता संपता तो चिखल समोर आला आणि गाडी हळूच, अगदी सावकाश, अंगाखालून निघून गेली. तिचं कोपर खरचटलं. माझं गळ्याजवळचं हाड मोडलं, ते जुळलंही. पण तेव्हापासून डावं वळण आलं, की माझी नजर पुढच्या चाकापाशी पडायची आणि तिथेच चिखल शोधत राहायची. मार्चच्या कडकडीत उन्हातही. हात ताठ व्हायचे, गाडी वळायला तयार नसायची.

बायको त्यानंतर तीनचारदा मागे बसली आणि मग एके दिवशी सरळ म्हणाली, "पडायची भीती नाही मला. तुमच्या पाठीची वाटते. दगडामागे बसल्यासारखं होतं. त्यापेक्षा मी येष्टीने जाते." आणि ती येष्टीने जाऊ लागली. तिचं माहेर खिंडीच्या पलीकडे आहे, आई एकटी असते.

माझं नुकसान वेगळंच होतं. घरात आम्ही कामाचं बोलतो : गॅस, वीजबिल, कुणाला काय द्यायचं. गाडीवर ती माझ्या कानामागे दुसरंच काहीतरी बोलायची. धरणाच्या तलावाच्या जागी आधी त्यांची शेतं होती असं तिची आजी तिला लहानपणी कशी सांगायची, कुठल्या झाडाखाली तिला भूत दिसलं होतं, असलं. अर्धं वाऱ्यात जायचं. मी हूं हूं करायचो. तेवीस वर्षं हे चाललं आणि बंद झाल्यावर कळलं, की आमचं बोलणं बहुतेक तेवढंच होतं. ती मागे बसणार नसेल तर गाडी ठेवून काय करायचं? पाडव्याला विकायचं ठरलं होतं. त्याआधी एकदा शिकून बघतो, म्हटलं. तीही बघायला येते म्हणाली.

गाड्यांची तपासणी झाली. टायरची हवा, ब्रेक, चेन. आरसे आणि दिवे चिकटपट्टीने झाकले. शिकवणाऱ्या बाईंनी माझ्याकडे बघून विचारलं, "काका, रोज चालवता ना?"

"रोज. पण उजवीकडेच बरी वळते."

त्या हसल्या नाहीत. "आज वेग वाढवायचा नाही. माझ्या मागे राहायचं आणि नजर वळणाच्या शेवटाला. बास."

पहिल्या वीस मिनिटांत माझी जी फजिती झाली, ती घाटात वाढलेल्या माणसाचीच होऊ शकते. ट्रॅकवर डावं वळण घ्यायचं तर आधी पार उजव्या कडेला जायचं असतं, तिथून आत यायचं. म्हणजे ज्या बाजूने घाटात ट्रक येतो, नेमक्या त्याच बाजूला. डोक्याला समजत होतं की इथे समोरून कुणी येत नाही. अंगाला समजत नव्हतं. अर्ध्यापर्यंत जायचो आणि परत डावीकडे यायचो. शिवाय प्रत्येक वळणापाशी माझा अंगठा आपणहून हॉर्न दाबत होता. सबंध माळावर पीं, पीं.

परत आलो तर पोरं पोट धरून हसत होती. हेल्मेट नि जाकिटं भाड्याने देणारी गावातलीच एक मावशी ताडपत्रीखाली बसली होती, ती तिथूनच ओरडली, "भाऊ, हितं समोरनं येष्टी न्हाई येत!"

"त्यांना सवय आहे ओ," बायको म्हणाली. "घरात जिना उतरतानासुद्धा खोकतात."

बाईंनी हॉर्नच्या बटणावर चिकटपट्टी लावली. मग वळणापलीकडे लांब कुंपणाशी एक नारिंगी शंकू नेऊन ठेवला. "चिखल आहे की नाही ते वळणाच्या आधी बघा, ब्रेकही आधीच. एकदा आत शिरलात की फक्त तो शंकू. आणि कोपरं सैल. कोंबडीच्या पंखासारखी हलली पाहिजेत."

दुसऱ्या फेरीला अंगठा चिकटपट्टीवर घसरत राहिला. नजर शंकूवर जायची आणि दचकून खाली यायची. एकदा तर मी वळणात ब्रेक दाबला, कललेली गाडी सरळ उभी होऊ लागली आणि मी सरळ गवतात गेलो. पडलो नाही. बाई थांबल्या. "गवत कशाला ठेवलंय? जायलाच. या परत." बायकोकडे बघायचं मी टाळलं.

जेवण झालं. धुकं केव्हाच गेलं होतं आणि ऊन पिवळं, झोपेचं पडलं होतं. तिसरी फेरी मला सलग आठवत नाही. एवढं आठवतं, की डोंगर एकामागून एक माझ्याभोवती फिरत होते आणि मी मात्र एका जागी होतो. शंकू दिसला, आणि मग त्याच्या मागचं कुंपण दिसलं, त्याच्याही मागे तलावाची एक रेघ, आणि तिच्यावर एक बगळा. गाडी डावीकडे कलली होती. ती केव्हा कलली ते मला माहीत नाही. इंजिनाचा आवाज दुसऱ्याच कुणाच्या गाडीचा वाटावा इतका लांबून येत होता. पुढचा वळसा, परत ती रेघ. बगळा उडालेला. खाली चाकापाशी काय होतं ते मी पाहिलंच नाही, आणि पाहिलं नाही हे कळलं तेव्हा काळ्यापांढऱ्या चौकड्यांचा झेंडा हलत होता. वेळ संपली होती.

बाई म्हणाल्या, "वेग तेवढाच होता काका, बघा. फक्त भांडण थांबलं." आणि लगेच बजावलं, "उजवीकडून आत यायचं हे इथेच सोडून जायचं. रस्त्यावर आपली डावी बाजू. घरी न्यायची ती नजर आणि सैल कोपरं." मी तसं कबूल केलं. चौथी फेरी मी केली नाही. हातात दमणूक जाणवत होती आणि घरी गाडी चालवायची होती. फी भरली म्हणून दमलेल्या हातांनी वळणं घेणं मला पटत नाही.

चिकटपट्ट्या सोलत होतो तेव्हा बायको येऊन उभी राहिली.

"काय?"

"शेवटच्या वेळी बरं वाटत होतं बघायला. खांदे हलत होते तुमचे." मग तळ्याकडे बघत म्हणाली, "उजेड आहे अजून. आईकडे जाऊ या का? ती चहा टाकेल."

"जीप मिळेल आता?"

"जीपने कोण म्हणालं?"

मला हो म्हणायचं होतं, पण तोंडातून निघालं ते असं : "हेल्मेट नाही तुझं."

"चार किलोमीटर तर आहे."

"चार असो नाही तर चाळीस. हेल्मेटशिवाय नाही."

"माहीत होतं," ती म्हणाली आणि ताडपत्रीकडे चालू लागली. मी मागोमाग गेलो. मावशीने एक हेल्मेट तिच्या डोक्यावर बसवलं, हनुवटीखालचा पट्टा ओढून बघितला. "भाड्यानं न्हेनार का इकत, वैनी? हे लय वापरल्यालं न्हाई, पर भाड्याचं उद्या आनून द्यावं लागंल."

"विकत," बायको म्हणाली. "नवं दाखवा. हे काळं नको, ते लाल."

मी पाकीट काढलं. तिने माझा हात खाली केला आणि कमरेच्या बटव्यातून नोटा काढल्या. मावशीने सतराशे सांगितले, हिने दीड हजार मोजले, मावशीने घेतले.